झोपताना मारलेली आठवणीची गाठ: वाक्याच्या आधारे सजग स्वप्नापर्यंत पोहोचण्याची क्रमवार पद्धत

स्वप्न पाहत असतानाच 'हे स्वप्न आहे' असे भान येणे म्हणजे सजग स्वप्न. अलीकडे सर्रास वापरला जाणारा शब्द घ्यायचा तर लुसिड ड्रीम. झोपताना एखादे वाक्य मनात घोळवून ते साधता येते, एवढे बहुतेकांनी कुठेतरी ऐकलेले असते आणि गाडे नेमके तिथेच अडते. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतील माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनी जपमाळ हाती घेऊन रोज एकशे आठ वेळा असे वाक्य म्हणण्याचा नेम महिनाभर चालवला. माळ पूर्ण होत असे, झोपही छान लागत असे, स्वप्नात मात्र एकदाही भान आले नाही. निष्ठा कमी पडली असे म्हणता येणार नाही. मणी मोजता मोजता वाक्याचा अर्थ सुटून गेला होता आणि जे लक्षात ठेवायचे तेच निसटले होते.

या पद्धतीतील वाक्याला मंत्र म्हणण्यास माझी हरकत नाही, परंतु त्याचे काम गाठीचे आहे. बाजारात गेल्यावर काही आणायचे विसरू नये म्हणून घरातील बायका पदराला गाठ मारत. त्या गाठीत काहीही नसे; ती नजरेस पडली की काम आठवे, इतकेच. झोपतानाचे वाक्य ही तशीच गाठ असून ती स्वप्नात नजरेस पडावी लागते. त्यासाठी आपली स्वप्ने कशी असतात हे ठाऊक हवे, पुढे करायचे काम वेळेवर आठवण्याची सवय हवी आणि गाठ रात्रीच्या योग्य प्रहरी मारायला हवी. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधन करणाऱ्या स्टीफन लाबर्ज यांनी १९८० मध्ये मांडलेल्या पद्धतीचा गाभा हाच आहे. लोक चुकतात ते क्रमात: खाली दिलेल्या आठ टप्प्यांपैकी सातवा टप्पा पहिल्याच रात्री करून पाहतात आणि आठवडाभरात सोडून देतात.

सुरू करण्यापूर्वी: ही पद्धत कोणी टाळावी

ज्यांना भास होणे, वास्तव आणि कल्पना यांची सरमिसळ होणे किंवा उन्मादाचे झटके येणे असा त्रास आहे किंवा पूर्वी झालेला आहे, त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय हा सराव करू नये. अपस्माराच्या रुग्णांना झोपमोड घातक ठरू शकते, त्यामुळे मध्यरात्री उठण्याचा सहावा टप्पा त्यांच्यासाठी नाही. ज्यांना मुळात झोपच नीट लागत नाही, त्यांनी आधी त्या तक्रारीवर उपचार घ्यावेत. मोडक्या झोपेवर हा प्रयोग उभा राहत नाही. सजग स्वप्नांसाठी ऑनलाइन मिळणाऱ्या गोळ्यांविषयी एवढेच सांगतो, की त्यांपैकी गॅलँटामाइन हे अल्झायमरच्या रुग्णांना दिले जाणारे औषध आहे आणि हौसेखातर ते घेऊ नये.

टप्पा १: झोपेची वेळ बसवणे (पहिला आठवडा)

झोप साधारण दीड-दीड तासाच्या आवर्तनांनी पुढे सरकते. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटाकडे डोळ्यांच्या जलद हालचालींची, म्हणजे आरईएम झोप येते आणि ठळक, गोष्टीसारखी स्वप्ने मुख्यतः तीत पडतात. रात्रीच्या आरंभी ही अवस्था काही मिनिटेच टिकते, तर पहाटेकडे ती लांबत जाते. यावरून एक साधा हिशेब निघतो: जो पहाटेची झोप कापतो, तो स्वप्नांचा सर्वांत मोठा वाटा कापतो. तालमीसाठी पहाटे चारला उठणाऱ्या मुलांना 'आम्हाला स्वप्नेच पडत नाहीत' असे वाटते, त्याचे एक कारण हे आहे. त्यांनी रात्री साडेआठला झोपावे किंवा सराव सुट्टीच्या दिवसापुरता ठेवावा.

आठवडाभर झोपण्याची आणि उठण्याची वेळ अर्ध्या तासाच्या फरकाने तीच ठेवावी आणि किमान साडेसात तास अंथरुणात मिळतील असे पाहावे. संध्याकाळनंतर चहा-कॉफी टाळावी. मद्य घेतलेल्या रात्री सराव करू नये, कारण मद्य रात्रीच्या पूर्वार्धातील आरईएम झोप दाबते आणि उत्तरार्धात झोप मोडते. तांबडा-पांढरा रस्सा साडेदहाला ओरपून अकराला आडवे होणाऱ्याला पहाटे जाग येईल ती जळजळीने येईल. ती जाग या कामाची नाही.

तपासणी: सलग पाच सकाळी गजर होण्याच्या आसपास आपोआप जाग येऊ लागली असेल, तर पुढे जावे.

टप्पा २: सकाळची स्वप्ननोंद (पहिल्या दिवसापासून, कायम)

सर्वाधिक कंटाळा याच टप्प्याचा केला जातो आणि सर्वाधिक अपयशही इथेच दडलेले असते. एखाद्याला स्वप्नात भान येऊन गेले तरी सकाळी ते आठवले नाही, तर त्याच्या लेखी ते घडलेच नाही. शिवाय स्वतःची स्वप्ने ठाऊक नसतील तर त्यांना ओळखणार कसे?

उशाशी वही आणि पेन्सिल ठेवावी. मोबाइलमध्ये नोंद करू नये असे माझे ठाम मत आहे. पडदा उजळला की आलेले संदेश दिसतात आणि स्वप्न तिथल्या तिथे विरते. नोंदीचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

१. जाग येताच हलू नये आणि डोळे उघडू नयेत. ज्या कुशीवर जाग आली त्याच कुशीवर पडून राहावे. कूस बदलताच दुवा तुटतो, हे दोन-तीन सकाळी स्वतःच अनुभवाल.

२. 'काय दिसले?' याआधी 'कसे वाटत होते?' असे विचारावे. घाई, ओशाळलेपण, आनंद, काहीतरी हरवल्याची हुरहूर. भावना प्रसंगापेक्षा जास्त वेळ रेंगाळते आणि तिचे बोट धरून प्रसंग परत येतो.

३. शेवटचा प्रसंग सापडला की तिथून मागे जावे: 'त्याच्या आधी मी कुठे होतो?' स्वप्नाचे शेपूट हाती लागते, डोके नाही, म्हणून उलट्या दिशेनेच चालावे.

४. काहीच न आठवल्यास आपल्या नेहमीच्या जागा आणि माणसे मनापुढून एकेक सरकवावी: जुने घर, शाळा, कार्यालय, मामाचे गाव. एखाद्या ठिकाणी मन किंचित अडखळते, तिथे थांबावे.

५. आता डोळे उघडून आधी तीन-चार खुणेचे शब्द लिहावे आणि मगच सविस्तर लिहायला घ्यावे. पहिलेच वाक्य नीट जुळवत बसलात, तर ते पूर्ण होईपर्यंत उरलेले स्वप्न गेलेले असते.

लिहिताना वर्तमानकाळ वापरावा: 'मी महाद्वार रोडवर उभा आहे, दुकाने बंद आहेत, पण दुपार आहे.' त्याने प्रसंगात परत शिरता येते आणि याच सवयीचा सातव्या टप्प्यात उपयोग होतो. अर्थ लावत बसू नये. स्वप्नात साप दिसला याचा अर्थ काय, हा प्रश्न घरातील वडीलधाऱ्यांसाठी सोडून द्यावा. आपल्याला साप दिसला एवढे पुरे.

सामान्य चूक: 'आज काही विशेष नव्हते' म्हणून वही न उघडणे. धूसर तुकडाही लिहावा, आणि तोही नसेल तर 'आठवत नाही, पण उदास वाटते' असे लिहावे.

तपासणी: सातपैकी पाच सकाळी निदान एक स्वप्न चार-पाच ओळींत लिहिता येऊ लागेपर्यंत पाचव्या टप्प्याकडे वळू नये. कोणाला यास आठवडा लागतो, कोणाला महिना. तिसरा आणि चौथा टप्पा मात्र दरम्यान सुरू करता येतो.

टप्पा ३: स्वप्नखुणा शोधणे

आठ-दहा नोंदी झाल्या की एका निवांत दुपारी सगळ्या एकदम वाचाव्या आणि जे जागेपणी घडणार नाही किंवा क्वचितच घडेल, त्याखाली रेघ मारावी. रंकाळा तलावाला समुद्रासारख्या लाटा आल्या आहेत. वारलेले आजोबा खासबाग मैदानात कुस्ती पाहायला शेजारी बसले आहेत. केएमटीची, म्हणजे शहराच्या बससेवेची बस राजारामपुरीऐवजी कोणत्या तरी डोंगरात शिरली आहे. पदवी घेऊन वीस वर्षे झाली तरी गणिताचा पेपर उद्या आहे. वाचताना हसू येते, स्वप्नात मात्र यांतील एकाही गोष्टीचे आपल्याला नवल वाटलेले नसते.

रेघा मारलेल्या गोष्टींतून जी वारंवार येते ती निवडावी. जी सर्वांत विलक्षण आहे ती नव्हे. लोक इथे हमखास चुकतात. उडणारी म्हैस एकदाच दिसली असेल आणि शाळेचा वर्ग अकरापैकी सहा नोंदींत असेल, तर आपली खूण शाळेचा वर्ग. ती साधी, कंटाळवाणी वाटेल. तरी तीच घ्यावी. 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' ही म्हण खरी असली, तरी मनी काय वसते याविषयीचा आपला अंदाज पुष्कळदा चुकतो आणि वही तो दुरुस्त करते.

सावधान: २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या कोणाच्या वहीत घरात चढणारे पाणी पुन्हा पुन्हा येऊ शकते. खूण म्हणून ते उपयोगी असले, तरी त्या आठवणीने अजूनही जीव घाबरा होत असेल तर रात्री झोपताना तिला बोलावू नये. दुसरी खूण घ्यावी.

टप्पा ४: दिवसा आठवण ठेवण्याचा सराव

पुढे अमुक घडले की मला तमुक करायचे आहे, ही आठवण गतकाळाच्या आठवणीपेक्षा वेगळी असते. कालचे जेवण आठवणारा माणूस घरी परतताना औषध घ्यायचे साफ विसरतो. स्वप्नात भान येण्यासाठी ही दुसरी आठवण लागते आणि ती दिवसा घडवता येते.

रोज सकाळी तीन निमित्ते ठरवावी आणि दुसऱ्या दिवशी ती बदलावी. उदाहरणार्थ, आज पहिली केएमटी बस दिसेल तेव्हा. कोणीतरी 'भावा' अशी हाक मारेल तेव्हा. घरी येऊन चपला काढताना. निमित्त घडताक्षणी 'मी आत्ता स्वप्नात तर नाही ना?' असे स्वतःला विचारावे आणि पडताळा घ्यावा. तीन पडताळे भरवशाचे आहेत. नाक चिमटीत बंद करून, तोंड मिटून श्वास घेऊन पाहावा. स्वप्नात श्वास पुष्कळदा चालूच राहतो. दुकानाची पाटी वाचावी, नजर दुसरीकडे वळवावी आणि पुन्हा वाचावी; स्वप्नात अक्षरे सहसा बदलतात. किंवा हाताची बोटे सावकाश मोजावी.

पडताळ्याइतकाच त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा आहे. खरोखर शंका घ्यावी लागते: मी इथे कसा आलो, पाच मिनिटांपूर्वी कुठे होतो, आजूबाजूला काही विसंगत आहे का? हे न करता दिवसातून पन्नास वेळा नाक दाबणाऱ्याला स्वप्नातही नाक दाबण्याची सवय लागते, आणि श्वास आरपार जात असतानाही 'अरे, हे तर जागेपण' असे म्हणून तो पुढे निघून जातो. माझे स्वतःचे असे दोनदा झाले आहे.

सावधान: या निमित्तांसाठी मोबाइलवर गजर लावू नये. गजर लावला की आठवण मोबाइल ठेवतो, तुम्ही नाही. आणि मोबाइल स्वप्नात येऊन आठवण करून देणार नाही. वाहन चालवताना किंवा यंत्रावर काम करताना पडताळे घेऊ नयेत. तसेच उंचावरून उडी मारणे, आगीत हात घालणे असले काहीही पडताळा म्हणून कधीच करू नये, कितीही खात्री वाटली तरी.

तपासणी: रात्री वहीत त्या दिवशीच्या तीन निमित्तांपुढे बरोबर किंवा चूक अशी खूण करावी. आठवड्याच्या एकवीसपैकी पंधराच्या आसपास साधली, की पुढे जावे. भर दुपारी शुद्धीत असताना जे आठवत नाही, ते पहाटे चारला झोपेत आठवेल अशी अपेक्षा ठेवता येत नाही.

टप्पा ५: वाक्य घडवणे

वाक्य आयते घेऊ नये. इंग्रजी व्हिडिओतून उचलून शब्दशः भाषांतरित केलेली वाक्ये जिभेवर बसत नाहीत आणि अर्धवट झोपेत तर ती आठवतही नाहीत. काही नियम उपयोगी पडतात.

वाक्यात प्रसंग आणि कृती दोन्ही असाव्यात: 'पुढच्या स्वप्नात असेन, तेव्हा हे स्वप्न आहे असे मी ओळखीन.' यातील पहिला भाग निमित्त सांगतो, दुसरा काम सांगतो. नुसते 'हे स्वप्न आहे' म्हणणे अपुरे आहे, कारण ते म्हणता त्या क्षणी ते खोटे असते आणि मनाला ते ठाऊक असते.

कर्ता 'मी' असावा. आपल्या भाषेत 'माझ्या लक्षात येईल' असे सहज म्हटले जाते, पण त्यात लक्षात येणे आपोआप घडणार असे गृहीत आहे. 'मी ओळखीन' यात जबाबदारी अंगावर घेतली आहे. 'मला सजग स्वप्न पडू दे' हे तर देवापुढचे मागणे झाले. मागणे मागून माणूस निश्चिंत होतो आणि इथे निश्चिंत व्हायचे नसते.

नकार टाळावा. 'मी विसरणार नाही' यात मन विसरण्याभोवतीच घुटमळते.

आणि बोली स्वतःची असावी. हा लेख मी प्रमाण मराठीत लिहीत असलो, तरी स्वप्ने प्रमाण मराठीत पडत नाहीत. घरी 'सपान' म्हणत असाल तर वाक्यही 'पुढच्या सपनात असलो, की हे सपान हाय, मी वळखणार' असेच ठेवावे. कोल्हापुरातील मुली आपसांत 'मी येतो', 'मी जातो' असे बोलतात. त्यांनी वाक्यातही तेच रूप बिनदिक्कत ठेवावे. पुण्याच्या पाहुण्यांसमोर सुधारून घेतलेले व्याकरण पहाटेच्या उपयोगाचे नाही.

तपासणी: वाक्य एका सावकाश उच्छ्वासात मावते का, हे पाहावे. मावत नसल्यास कापावे. एकदा ठरले की निदान तीन आठवडे बदलू नये.

टप्पा ६: रात्रीची जाग

रात्री साडेदहाला पाठ टेकताना वाक्य म्हटले, तर पहिले मोठे स्वप्न येईपर्यंत मध्ये कित्येक तासांची गाढ झोप पडते आणि गाठ सुटून जाते. म्हणून गाठ स्वप्नांच्या दारातच मारावी. झोप लागल्यापासून सुमारे पाच तासांनी उठावे. साडेदहाला झोपणाऱ्याने साडेतीनचा गजर लावावा. घरात इतर माणसे असतील तर मोबाइल कंपनावर ठेवून उशीखाली सरकवावा. लहान मूल उठले तर त्या रात्रीचा प्रयोग तिथेच संपतो, हे अनुभवी पालकांना सांगायला नको.

जाग येताच गजर बंद करण्याव्यतिरिक्त हालचाल करू नये आणि आधी स्वप्न आठवावे. त्याच्या खुणेचे शब्द टिपावे. मग उठून लघुशंका उरकावी, घोटभर पाणी प्यावे आणि मंद दिव्यात दहा मिनिटे बसून वहीतील जुन्या नोंदी चाळाव्या. चहा नको, मोबाइल नको, मोठा दिवा नको. किती वेळ जागे राहावे हे ज्याचे त्याने ठरवायचे: अंग टेकताच घोरणाऱ्याने वीस मिनिटे बसावे, एकदा उठल्यावर तासभर तळमळणाऱ्याने दोनच मिनिटे बसावे किंवा उठूच नये.

सावधान: आठवड्यातून दोनच रात्री, आणि त्याही सुट्टीच्या आदल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी महामार्गावर गाडी हाकायची असेल, तर आदल्या रात्री हा टप्पा करू नये.

गजर ज्यांना सोसत नाही, त्यांनी आपोआप येणाऱ्या पहाटेच्या जागेचा उपयोग करावा. ती जाग अनेकांना येतेच. आपण ती कूस बदलून वाया घालवतो.

टप्पा ७: वाक्य, चित्र आणि झोप

आता अंथरुणात परतल्यावरची पाच-दहा मिनिटे. दिवे मालवून सवयीच्या कुशीवर पडावे आणि पुढील क्रम पाळावा.

१. थोड्या वेळापूर्वी पडलेले स्वप्न आठवावे. ते हाती लागले नसेल तर अलीकडच्या नोंदींपैकी एखादे घ्यावे.

२. त्यातील खूण शोधावी. समजा, शाळेचा वर्ग होता.

३. उच्छ्वासासोबत वाक्य मनात म्हणावे, शब्दाशब्दाला त्याचा अर्थ समजून. एकदा म्हटले आणि मन भरकटले नाही, तर ते एकदाच म्हणणे त्या एकशे आठ आवर्तनांपेक्षा मोलाचे आहे.

४. त्याच स्वप्नात परत शिरावे, पण या खेपेस निराळे घडवावे. बाकावर बसला आहात, फळ्यावर गणित आहे. 'मला तर शाळा सोडून वर्षे झाली' असे मनात येते, तुम्ही नाक दाबता, श्वास सुरूच राहतो आणि 'हे स्वप्न आहे' अशी खात्री पटते. मग उठून वर्गाच्या दारातून बाहेर पडता. हे चित्र लांबून पाहायचे नसते. बाकाचे लाकूड हाताला लागले पाहिजे, खडूचा वास आला पाहिजे.

५. पुन्हा वाक्य, पुन्हा चित्र, असे आलटून पालटून करीत राहावे. मध्ये वीजबिलाचा विचार आला तर चिडू नये. वाक्यावर परत यावे. झोपेत उतरण्यापूर्वीचा शेवटचा विचार हाच असावा एवढेच पाहायचे.

या टप्प्यातील चुका दोन टोकांच्या असतात. एक म्हणजे वाक्य पुटपुटत राहणे आणि मन तिसरीकडे असणे. त्याविषयी वर सांगितलेच आहे. दुसरी म्हणजे अति जोर. दात आवळून, कपाळाला आठ्या घालून संकल्प करणाऱ्याची झोपच उडते आणि तो सव्वापाचला पंख्याकडे पाहत पडलेला असतो. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड विद्यापीठातील डेनहोम ॲस्पी यांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिवसाचे पडताळे, रात्रीची जाग आणि हे वाक्य अशा तिन्ही गोष्टी आठवडाभर एकत्र करणाऱ्या ४७ जणांचे सुमारे १७ टक्के प्रयत्न यशस्वी झाले. क्रम पूर्ण केल्यावर पाच मिनिटांच्या आत ज्यांना झोप लागली, त्यांच्या बाबतीत हे प्रमाण जवळजवळ ४६ टक्के होते. झोप जितकी लवकर लागेल तितकी गाठ ताजी राहते, असा मी त्याचा अर्थ घेतो. त्याच आकड्यांतून हेही दिसते, की पद्धत नीट पाळूनही बऱ्याच रात्री रिकाम्या जातात.

तपासणी: वीस मिनिटांत झोप लागली नाही, तर वाक्य सोडून द्यावे आणि सरळ झोपावे. पुढच्या वेळी सहाव्या टप्प्यात जागे राहण्याचा वेळ कमी करावा.

टप्पा ८: भान आल्यावरची पहिली मिनिटे

पहिल्यांदा भान येते तेव्हा बहुतेक जण आनंदाच्या भरात जागे होतात. त्यामुळे आधी काही करू नये. दोन्ही तळहात एकमेकांवर चोळावे, त्यांची ऊब जाणवू द्यावी, जवळची एखादी वस्तू निरखावी आणि 'हे स्वप्न आहे' असे स्वप्नातच मोठ्याने म्हणावे. दृश्य विरू लागल्यास भिंतीला किंवा जमिनीला हात लावावा. एकटक मात्र पाहत राहू नये. नजर फिरती ठेवावी.

पहिल्या काही स्वप्नांसाठी काम छोटे आणि आधीच ठरवलेले असावे: दार उघडून पलीकडे काय आहे ते पाहणे, एखादी पाटी दोनदा वाचणे, समोरच्याला नाव विचारणे. उडण्याची घाई सगळ्यांनाच असते आणि पहिले उड्डाण बहुधा पलंगावर संपते.

जाग आली असे वाटले, तर हलण्यापूर्वी नाकाचा पडताळा घ्यावा. जागे झाल्याचे स्वप्न पडणे या सरावात फार वेळा घडते: माणूस उठतो, दात घासतो, गंगावेशीत जाऊन धारोष्ण दूधही पितो आणि मग खरोखर जागा होतो. प्रत्येक जागेनंतर पडताळ्याची सवय असेल, तर हेच फसवे जागेपण पुन्हा भान येण्याची संधी बनते. जाग खरी असेल तर न हलता सातव्या टप्प्यातील क्रम त्याच स्वप्नावर लगेच करावा.

सावधान: पहाटेच्या मोडक्या झोपेत क्वचित डोळे उघडतात पण अंग हलत नाही, छातीवर दाब आल्यासारखा वाटतो, खोलीत कोणी असल्याचा भास होतो. स्वप्नात आपण हातपाय झाडू नयेत म्हणून आरईएम झोपेत शरीर स्नायू सैल करून ठेवते. मन आधी जागे झाले आणि ही व्यवस्था क्षणभर मागे राहिली, की असे होते. हे बाहेरचे काही नाही. धडपडू नये, श्वास सावकाश सोडावा, एखादे बोट हलवण्याचा प्रयत्न करावा. थोड्या वेळात ते ओसरते. वारंवार होऊ लागल्यास सहावा टप्पा बंद करून डॉक्टरांना भेटावे.

तीन-चार आठवड्यांनंतरही भान आले नाही तर

वाक्य बदलण्याआधी वही उघडावी. नोंदींमध्ये चार-पाच दिवसांच्या रिकाम्या जागा असतील तर अडचण दुसऱ्या टप्प्यात आहे. नोंदी भरपूर, पण दिवसाच्या निमित्तांपुढे चुकीच्याच खुणा असतील तर चौथ्यात. दोन्ही ठीक असून पहाटे पुन्हा झोपच लागत नसेल तर सहाव्यात. आणि स्वप्नात 'हे विचित्र आहे' असे वाटल्याची, कोणाशी तरी स्वप्नांविषयी बोलल्याची किंवा नाक दाबल्याची नोंद सापडली, तर गाठ जवळजवळ दिसू लागली आहे. तेव्हा काहीही न बदलता तसेच चालू ठेवावे. सरावामुळे दिवसा थकवा जाणवू लागला, चिडचिड वाढली किंवा जागेपणीही सगळे खोटे वाटू लागले, तर तो थांबवावा आणि पूर्ण झोप घ्यावी.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांनी घड्याळाच्या वेळा सोडून झोपेचे तास मोजावे. रात्रपाळी करून सकाळी आठला झोपणाऱ्याने दुपारी एकच्या जागेचा उपयोग करावा, खिडकीला जाड पडदा लावावा आणि पाळी बदलण्याच्या आठवड्यात सहावा टप्पा पूर्ण वगळून केवळ वहीतील नोंदी चालू ठेवाव्या.